ईकोच्या सरकत्या दाराला जोडायचा घरगुती तंबू

मारुती ईको किंवा जुन्या ओम्नीत मागची सीट काढून किंवा दुमडून झोपायची सोय झाली की पुढची अडचण जागेची असते. आत दोन माणसे झोपतात, पण बसायला, कपडे बदलायला, ओल्या चपला ठेवायला जागा उरत नाही. सरकत्या दाराला लागून सात बाय सात फुटांची आडोशाची खोली मिळाली तर हा प्रश्न सुटतो. बाहेरून आणलेले तयार तंबू महाग पडतात आणि बहुतेक वेळा मोठ्या परदेशी गाड्यांच्या मापाचे असतात. आपल्याकडच्या ताडपत्रीपासून, हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपांपासून आणि दोरीपासून तसाच तंबू साधारण ४ ते ६ हजार रुपयांत उभा राहतो. गाव आणि दुकान पाहून आकडा पुढे-मागे होईल. त्यातला जवळपास निम्मा भाग ताडपत्रीचा आणि शिलाईचा असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी मापे तिच्यावर बेतली आहेत. ताण दोरीने घ्यायचा, ताडपत्रीने फक्त पाणी आणि वारा अडवायचा. घरगुती तंबू फाटतात ते बहुधा इथेच चुकल्यामुळे. चार कोपऱ्यांच्या डोळ्यांना, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांना, दोऱ्या बांधून ताडपत्री खेचली जाते, पहिल्या जोराच्या झोताला डोळे उपटून येतात आणि दोष मात्र ताडपत्रीच्या दर्जाला दिला जातो. या रचनेत गाडीच्या छपरावरून तीन दोऱ्या जातात, त्या तीन खांबांवर टेकतात आणि पुढे जमिनीत मेखांना बांधल्या जातात. ताडपत्री त्या दोऱ्यांवर नुसती पसरलेली असते.

बाजूला का, मागे का नाही

मागचे दार वर उघडते, त्यामुळे तिथे आयते छप्पर मिळते असे वाटते. पण उघडे दार आणि गाडीचे छप्पर यांच्यामध्ये बिजागरीच्या रेषेत फट राहते आणि पाऊस आला की पाणी नेमके तिथून अंथरुणावर पडते. रात्रभर दार उघडे राहिल्याने आतला दिवा चालू राहून बॅटरी उतरण्याची भीती असते. शिवाय वाऱ्याचा सगळा भार दार धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर येतो. बाजूच्या सरकत्या दाराला यातले काहीच होत नाही. दार मागे सरकते आणि अंगाला चिकटून राहते. दिव्याचा खटका मात्र इथेही बंद करायचा असतो.

आधी मोजमाप

खालची मापे ईकोच्या अंदाजाने दिली आहेत: गाडीची रुंदी सुमारे १४७ सेंमी, दोन चाकांमधले अंतर २३५ सेंमी, उंची साधारण सहा फूट. ईकोतही बनावटीच्या वर्षानुसार आणि वर कॅरिअर आहे की नाही त्यानुसार उंची बदलते. म्हणून दुकानात जाण्याआधी तुमच्या गाडीची चार मापे घ्या: जमिनीपासून छपराच्या कडेपर्यंतची उंची, छपराची वरची रुंदी, सरकत्या दाराच्या उघड्या भागाची रुंदी आणि दाराच्या उंबऱ्याची जमिनीपासून उंची. गाडी सपाट जागी उभी करून, आत नेहमीचे सामान भरलेले असताना मापा. रिकामी गाडी थोडी उंच दिसते.

मुख्य कापडाची लांबी अशी काढा. छपराची निम्मी रुंदी अधिक १५ सेंमी. ६५ सेंमी अधिक १५ म्हणजे ८०. त्यात छपराच्या कडेपासून बाहेरच्या खांबापर्यंतचा उतार २१३, समोरच्या भिंतीची उंची १४५ आणि जमिनीवर टेकणारी पट्टी २० मिळवा. झाले ४५८ सेंमी. दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी आणि नेफ्यासाठी १५ ते २० सेंमी धरून ४७५ पुरे.

छपराची निम्मी रुंदी *ओलांडायची* हे महत्त्वाचे आहे. गाडीचे छप्पर मध्यभागी किंचित फुगीर असते. कापड कडेपासून फूटभरच आत घेतले तर उरलेल्या छपरावरचे पाणी उताराने तुमच्याच बाजूला येते, कापडाखाली शिरते आणि दारातून आत टपकते. कापड मधल्या फुगवट्याच्या पलीकडे गेले की ते पाणी पलीकडच्या बाजूला उतरते. ओम्नीसारख्या गाड्यांना छपराच्या कडेला पन्हळ असते, ती थोडे पाणी वाहून नेते, पण जोराच्या सरीत पन्हळीवर विसंबू नका.

सामान

ताडपत्री: १८ × १८ फूट, २०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजन), एक बाजू चंदेरी, अतिनील किरणांना टिकणारी. वजन करूनच घ्या. १८ × १८ फूट म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर. २०० जीएसएमची ताडपत्री ६ किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेतीन किलो भरली तर वर काहीही छापलेले असो, ती ११५-१२० जीएसएमची आहे. छापील मापापेक्षा तयार माप काही इंच कमी निघते, म्हणून दुकानातच उलगडून टेपने मोजा. २५० जीएसएम जास्त टिकते पण दीड किलोने जड होते आणि घडी बोजड होते. वर्षातून तीन-चार वेळा बाहेर पडणाऱ्याला २०० पुरते.

खांब: एक इंची स्टीलचे पाइप, प्रत्येकी ११० सेंमीचे, तीन, आणि त्यांच्या आत सरकतील असे २२ मिमीचे पाइप, प्रत्येकी ८० सेंमीचे, तीन. पडद्याच्या दांड्यांना वापरतात ते पातळ स्टेनलेस पाइप चालतात. दोन्ही पाइप दुकानातच एकमेकांत सरकवून पाहा. खडखडत असतील तर आतल्या पाइपाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. वायरिंगचा पीव्हीसी पाइप खांबाला वापरू नका. दोरीचा ताण आला की तो धनुष्यासारखा वाकतो.

पीव्हीसी पाइप: २५ मिमीचा, २४० सेंमी, एक. हा छपरावरच्या नेफ्यात जातो. तिथे त्याच्यावर भार नसतो.

दोरी: ८ मिमीची पॉलिप्रॉपिलिन, ३० मीटर, ६ मिमीची १५ मीटर. नायलॉन ओले झाले की ताणले जाते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट बांधलेला तंबू पावसानंतर सैल पडतो. पॉलिप्रॉपिलिन तसे होत नाही, मात्र ते निसरडे असते आणि उन्हाने ठिसूळ होते. हातात घेतल्यावर पांढरी भुकटी लागायला लागली की दोरी बदला.

मेखा: १० मिमीच्या सळईच्या, ४० सेंमी लांब, एक टोक घासून अणकुचीदार, दुसरे हुकासारखे वळवलेले, आठ नग. फॅब्रिकेशनवाला भंगार सळईतून करून देतो. जोडीला एक किलोचा हातोडा.

किरकोळ: पितळी डोळे १२ मिमी, पंचासकट २५, खुर्चीच्या पायांना लावतात ते रबरी बूट सहा, ६ मिमीचे नट-बोल्ट सहा, नायलॉन नाडी १० मीटर, वेल्क्रो २ मीटर, रबरी आवरणाचे चपटे चुंबक १२, जुनी योगा मॅट, डबल बेडची साधी मच्छरदाणी.

पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे दोरी, हार्डवेअर असे बरेचसे सामान एका फेरीत मिळते. लहान गावात शेतीच्या औषधांच्या आणि पाइपांच्या दुकानात ताडपत्री असतेच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर निवडही भरपूर असते.

कापणे

ताडपत्री सपाट जागी चंदेरी बाजू खाली करून पसरा. एका बाजूने ८ फूट म्हणजे २४४ सेंमी मोजून, पूर्ण लांबीभर खडूने रेघ ओढा. हा लांबट पट्टा म्हणजे छप्पर आणि समोरची भिंत, मध्ये जोड नसलेली एकच. त्याच्या लांबीतून ४७५ सेंमी ठेवून उरलेला तुकडा वेगळा काढा. त्याची गाडीखालची झडप होईल.

राहिलेल्या १० फुटी पट्ट्यातून दोन बाजूंच्या भिंती निघतात. प्रत्येक भिंतीची रुंदी २४५ सेंमी: २१० खोलीची, १० गाडीच्या अंगावर टेकायला, २५ समोरच्या कोपऱ्यात आत वळवायला. गाडीकडची उंची २१० आणि बाहेरची १६५, दोन्हींत खालची २० आणि वरची १० सेंमी धरलेली. वरची कड तिरकी कापली जाईल. दोन्ही भिंती एकमेकींचे आरसे असतात; दोन्ही एकाच दिशेने कापल्या तर एकीची चंदेरी बाजू आत जाते. कापण्याआधी दोन्हींवर ‘बाहेर’ असे लिहून ठेवा.

शिलाई

घरच्या मशिनवर २०० जीएसएमचे दोन थर जेमतेम जातात, तीन-चार थरांना सुई मोडते. सीट कव्हर किंवा बॅगा शिवणाऱ्याकडे द्या आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. टाका लांब, ४ ते ५ मिमीचा हवा. बारीक टाक्याने एका ओळीत इतकी भोके पडतात की कापड त्याच रेषेत फाटते. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा हवा, सुती नको. आणि सर्व कडा दुहेरी दुमडून शिवायच्या.

छपराच्या आतल्या टोकाला, म्हणजे गाडीवर येणाऱ्या कडेला, ६ सेंमी रुंद नेफा करून घ्या. २५ मिमीच्या पाइपचा घेर सुमारे ७९ मिमी असतो, म्हणजे चपटा नेफा किमान ४ सेंमीचा लागतो. वरचे दोन सेंमी पाइप ओढून-काढून शिलाई उसवू नये म्हणून. या नेफ्यात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे हाताएवढ्या तीन खाचा ठेवा, तिथून पाइप दोऱ्यांना बांधता येतो.

बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडेला दर ३० सेंमीला नाडीचे दोन-दोन पदर शिवून घ्या. मच्छरदाणी बांधतो तशा भिंती दोरीला गाठ मारून लटकतील. छपराचे कापड २४४ रुंद आणि दोऱ्यांमधले अंतर २२० ते २२४ ठेवायचे आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना १० सेंमीची झालर भिंतीच्या बाहेरून खाली येते. वरचे कापड नेहमी खालच्याच्या बाहेरून आले पाहिजे, कौलांसारखे. हा क्रम पाळला की शिलाईतून पाणी येण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ते बरेच. कारण या ताडपत्रीला बाजारातला कुठलाही साधा गोंद नीट धरत नाही. शिलाईवर गोंद फासून पाणी अडवायचा प्रयत्न केला तर दुसऱ्या घडीला तो सालीसारखा निघून येतो.

दाराला चेन लावायचा मोह टाळा. धुळीने आणि वाळूने ती अडकते आणि बदलायला पुन्हा मशिन लागते. एका बाजूच्या भिंतीत, गाडीपासून १५ सेंमी सोडून, वरून खालपर्यंत उभा छेद घ्या आणि मागून ३० सेंमी रुंदीची उरलेली पट्टी जोडून दोन पदर एकमेकांवर येतील असे करा. मध्ये वेल्क्रोचे चार तुकडे पुरतात. दार गाडीलगत ठेवण्याचे कारण साधे आहे: तिथेच उंची सगळ्यात जास्त असते. बाहेरच्या कडेला साडेचार फूटच मिळतात आणि तिथे वाकूनच वावरावे लागते. पुरे उभे राहता यावे म्हणून बाहेरचे खांब उंच केले की उतार गाडीकडे होतो आणि सगळे पाणी दारात येते. बाहेरच्या बाजूला बसायच्या खुर्च्या, आतल्या बाजूला उभे राहायची जागा अशी मांडणी केली की ही उंची खटकत नाही.

डोळे समोरच्या भिंतीच्या आणि बाजूच्या भिंतींच्या खालच्या कडेला, दर ४५ सेंमीला. डोळा नेहमी दुमडलेल्या दुहेरी-तिहेरी कापडातच ठोका. वाटेत एखादा डोळा उपटला तर त्या जागी बोराएवढा गुळगुळीत गोटा कापडात आतून धरा आणि बाहेरून गळ्याशी दोरी आवळा. ही गाठ डोळ्यापेक्षा जास्त ताण घेते.

खांब

मोठ्या पाइपाला वरच्या टोकापासून ५ सेंमीवर एक भोक आरपार. आतल्या पाइपाला दर १० सेंमीला एक-एक भोक. बोल्ट घालून उंची ठरते. आतल्या पाइपाच्या वरच्या टोकाखाली ५ सेंमीवर आणखी एक बोल्ट कायमचा बसवा. दोरीचा वेढा त्याच्यावर टेकतो आणि खाली घसरत नाही. बोल्टचे टोक दोरीला कापणार नाही इतके घासून घ्या. वर-खाली रबरी बूट. वरचा बूट ताडपत्री भोसकू देत नाही, खालचा जमिनीत रुतू देत नाही. वाळूत किंवा चिखलात रबरी बूटही रुततो, तिथे वीतभर लांबी-रुंदीचे प्लायवूडचे तुकडे खाली ठेवा.

उभारणी

१. वारा पाहा. गाडीची बंद बाजू वाऱ्याकडे आणि तंबू आडोशाला आला पाहिजे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वाहतो, म्हणून तिथे मुक्कामाच्या वेळेचा विचार करून गाडी लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

२. छप्पर ओल्या फडक्याने पुसा. धूळ आणि दोरी मिळून पॉलिश पेपरचे काम करतात. दोरी जिथे छपराच्या कडेवरून वळते तिथे योगा मॅटचे तुकडे ठेवा.

३. दोन मुख्य दोऱ्या पलीकडच्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या रिमच्या भोकांतून बांधा, छपरावरून अलीकडे आणा. सरकत्या दाराच्या अलीकडे-पलीकडे मिळून २२० सेंमी अंतर ठेवायचे असल्याने त्या थोड्या तिरक्या जातील, चालते. तिसरी, मधली दोरी पलीकडे दोन फाटे करून दोन्ही चाकांना बांधा. दोरी गाडीच्या दारात चिमटून बांधू नका. पावसाचे पाणी तिच्यावरूनच ओघळत आत येते आणि दाराचे रबर कायमचे दबते.

४. चाकांना दोरी बांधताच स्टिअरिंगवर एक लाल फडके बांधा. सकाळी घाईत गाडी सुरू करून पुढे नेली तर छपराची कड आणि खांब दोन्ही वाकतात. हे टाळायला फडक्याइतका स्वस्त उपाय नाही.

५. गाडीच्या कडेपासून २१० सेंमीवर खांब उभे करा: कोपऱ्यांचे १३५ सेंमी, मधला १५० सेंमी. दोरीचा खांबाच्या टोकाशी बोल्टवर खुंटगाठीने एक वेढा घ्या आणि तशीच पुढे न्या. मेख खांबापासून जवळपास खांबाच्या उंचीइतकी दूर ठोका, डोके तंबूपासून बाहेर कललेले. एका माणसाला हे जमते, पण तीन दोऱ्यांचा पहिला ताण दोघांनी घेतलेला बरा.

६. कोपऱ्यांच्या खांबांना बाजूला एक-एक ६ मिमीची दोरी आणि मेख. तिन्ही खांबांची टोके आडव्या दोरीने जोडा. आता कापडाशिवायच सांगाडा हलवून पाहा. डगमगत असेल तर तो इथेच सुधारायचा असतो. कापड चढल्यावर सुधारत नाही.

७. छपराचे कापड दोऱ्यांवर पसरा, पाइप मधल्या फुगवट्यापलीकडे नेऊन तीन ठिकाणी दोऱ्यांना बांधा. समोरची भिंत आडव्या दोरीवरून खाली सोडा.

८. बाजूच्या भिंती नाड्यांनी दोऱ्यांना बांधा. समोरच्या कोपऱ्यात बाजूच्या भिंतीचे २५ सेंमी आत वळवून खांबाला बांधा; समोरची भिंत बाहेरून येईल.

९. खालच्या २० सेंमीच्या पट्ट्या आत वळवा आणि त्यांच्यावर जमिनीची (खाली अंथरायची वेगळी) ताडपत्री टाका. जमिनीची ताडपत्री भिंतीच्या बाहेर बोटभरही दिसता कामा नये. बाहेर राहिली की भिंतीवरून ओघळलेले पाणी ती गोळा करते आणि सरळ तुमच्या अंथरुणाखाली आणून सोडते.

ताण घ्यायला सरकती गाठ शिकून घ्या. दोरी मेखेला वळसा घालून परत आणा, मोकळे टोक ताणलेल्या दोरीभोवती मेखेकडे जात दोन वेढे गुंडाळा, मग त्या वेढ्यांच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला, त्याच दिशेने आणखी एक वेढा घेऊन टोक त्याखालून काढून आवळा. गाठ हाताने सरकते, ताणाने सरकत नाही. निसरड्या पॉलिप्रॉपिलिनला आतले वेढे दोनऐवजी तीन घ्या.

गाडी आणि कापड यांच्यातल्या फटी

बाजूच्या भिंतीची १० सेंमी पट्टी गाडीच्या अंगावर चुंबकांनी दाबून बसते. चुंबक कापडाच्या लहान खिशांत शिवून टाका म्हणजे रंगाला ओरखडे पडत नाहीत. काचेवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चिकटणार नाहीत हे खिसे शिवण्याआधीच गाडीवर धरून पाहा. चुंबकांचे काम फट बंद करण्याचे आहे. वाऱ्याचा ताण त्यांच्यावर टाकला की ते एकामागून एक सुटतात. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात. ती चुंबकाला दाट चिकटते आणि मग तोच चुंबक रंगावर कानसीचे काम करतो. तिथे खिसे प्रत्येक वेळी झटकून घ्या, नाहीतर चुंबकाऐवजी नाडीने काम भागवा.

गाडीच्या पोटाखालून येणारा वारा रात्री सगळ्यात जास्त त्रास देतो. मघाच्या उरलेल्या तुकड्याची झडप उंबऱ्याखालच्या पत्र्याला चुंबकांनी लावा आणि खालची कड वाळू भरलेल्या कापडी नळीने दाबा. ईको आणि ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते. गाडी चालवून आल्यावर ते आणि सायलेन्सर पुरते निवाल्याशिवाय झडप लावू नका.

जमीन

मुरमात मेख धरते, फक्त ठोकायला जोर लागतो. काळ्या मातीत कोरडी असताना धरते आणि भिजली की सुटते. पाऊस येणार असेल तर प्रत्येक मुख्य दोरीला दोन मेखा, एकीमागे एक, बांधा. वाळूत मेखेचा उपयोग नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरा, मध्यभागी दोरी बांधा आणि गोणी दोरीला आडवी येईल अशी हातभर खोल पुरा. कोकणातल्या कातळसड्यावर आणि सह्याद्रीतल्या खडकावर मेख जातच नाही. तिथे दोरी हातभर काठीच्या मध्यावर बांधा आणि काठीच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोन-तीन जड दगड रचा. एकाच दगडाला दोरी गुंडाळली तर तो ओढला जातो. काठीमुळे ताण सगळ्या दगडांवर वाटला जातो.

किती ताण येतो याचा अंदाज हवा. ताशी ४० किमी वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा दाब येतो; आपल्या तीन चौरस मीटरच्या भिंतीवर बावीस-तेवीस किलो. वारा ६० वर गेला की हाच दाब सव्वादोन पट होतो, म्हणजे पन्नास किलोपर्यंत. बाजारातल्या तारेच्या बारीक मेखा इथे टिकत नाहीत.

पाऊस, ऊन, आग

छपराला पोट सुटले की लगेच ताण घ्या. एक चौरस मीटरवर एक सेंमी पाणी साचले की दहा किलो भार होतो, भाराने पोट वाढते, वाढलेल्या पोटात आणखी पाणी साचते. सतत पाऊस असेल तर तिन्ही खांब एक-एक भोक खाली उतरवा; उतार वाढतो आणि वाऱ्याला अंगही कमी मिळते.

एप्रिल-मेमधला वळीव या तंबूचा खरा शत्रू आहे. तासाभरापूर्वी पान हलत नसते आणि अचानक झोत येतो. आकाश काळवंडायला लागले की बाजूच्या भिंती आधी सोडा, मग खांब खाली घ्या आणि कापड दोऱ्यांसकट गाडीवर गुंडाळून बांधा. विजा कडाडत असतील तर तंबूत थांबू नका. गाडीची दारे-काचा बंद करून आत बसा. लोखंडी खांबांना हात लावू नका.

उन्हाळ्यात चंदेरी बाजू वर असली तरी दुपारी आत भट्टी होते. विदर्भ-मराठवाड्यात जायचे असेल तर छपराच्या वर वीतभर अंतर सोडून ७५ टक्के सावलीची शेडनेट बांधा. मधल्या हवेमुळे फरक पडतो. थंडीत उलटा प्रश्न येतो. ताडपत्रीतून हवा जात नाही, त्यामुळे श्वासातली वाफ आतल्या बाजूला थिजून पहाटे थेंब पडू लागतात आणि तंबू गळतोय असा समज होतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या वरच्या नाड्या थोड्या सैल सोडून झालरीखाली चार बोटे फट ठेवा. डासांसाठी आत मच्छरदाणी मधल्या दोरीला टांगा. भिंतींना जाळी शिवत बसण्यापेक्षा ती स्वस्त आणि धुवायला सोपी.

स्वयंपाक बंद तंबूत करायचा नाही. स्टोव्ह, शेगडी किंवा कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेतो. थंडी म्हणून विझत आलेली शेगडी आत आणणे हे सगळ्यात धोक्याचे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, आणि आपण तर खालच्या सगळ्या फटी बंद केलेल्या असतात. समोरची भिंत पूर्ण वर गुंडाळून बाहेरच्या कडेला शिजवा आणि सिलिंडर रात्री बाहेर ठेवा.

आवरताना

उभारणीच्या उलट क्रमाने: भिंती, कापड, बाजूच्या दोऱ्या, शेवटी मुख्य दोऱ्या. चाकांतल्या दोऱ्या निघाल्या की मगच स्टिअरिंगवरचे फडके सोडा. मेखा मोजून घ्या; गवतात राहिलेली सळई गुरांच्या खुरात आणि टायरात जाते. कापड ओले असेल तर वाटेपुरतेच गुंडाळा आणि घरी पोचल्याच दिवशी गच्चीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर पसरा. ताडपत्री स्वतः कुजत नाही, पण नाड्या, वेल्क्रो आणि शिलाईच्या दुमडीत बुरशी धरते. समुद्रावरून आल्यावर पाइप आणि डोळे गोड्या पाण्याने धुवा. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला. एकाच घडीवर पुन्हापुन्हा दुमडले की ताडपत्रीचा वरचा थर त्याच रेषेत तडकतो आणि पुढच्या पावसात पाणी नेमके तिथून झिरपते.

पहिला मुक्काम करण्याआधी सोसायटीच्या आवारात किंवा शेतात तंबू एकदा पूर्ण उभा करा आणि नळाच्या पाइपने दहा मिनिटे छपरावर पाणी मारा. आत बसून पाहा कुठे टपकते. बहुतेक वेळा नेफ्याचा पाइप फुगवट्याच्या अलीकडे राहिलेला असतो किंवा जमिनीची ताडपत्री बाहेर डोकावत असते.